परार्धाच्या पलीकडचा एक

भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ. स. ११५०) संख्यांच्या स्थानांची नावे दिली आहेत, हे आमच्या बहुतेक वाचकांस विदित असेलच. एकापासून आरंभ करून परार्धापर्यंत ती स्थाने अठरा भरतात. घरसंसाराच्या हिशेबास यांपैकी निम्मीही लागत नाहीत. तथापि मनुष्याच्या बुद्धीस हिशेब संपला म्हणून स्वस्थ बसवत नाही. अठरावे स्थान भरले की एकोणिसाव्याचे काय, असा प्रश्न तीस पडतोच.

या महिन्यात आम्ही वाचकांपुढे जी संख्या ठेवणार आहोत ती परार्धाच्या बरोबर एक पाऊल पलीकडे आहे. तिचे अंक एकोणीस, आणि ते सारे एकच. वाचण्याच्या सोयीसाठी पाच-पाचांचे गट पाडून ती येथे लिहितो :

१११११ १११११ १११११ ११११

लिहावयास इतकी सोपी की काल पाटी धरलेले मूलही चुकणार नाही. परंतु स्वभावाने ही संख्या मोठी कठीण आहे. एक आणि ती स्वतः यांवाचून तिला दुसऱ्या कोणत्याही संख्येने निःशेष भाग जात नाही. अर्थात ती मूळसंख्या आहे.

मूळसंख्या म्हणजे काय हे घरातील लहानांस सांगावयाचे झाल्यास चिंचोक्यांइतके उत्तम साधन नाही. बारा चिंचोके ओसरीवर मांडा. त्यांच्या चार-चारांच्या तीन सारख्या ओळी होतात. पंधराच्या पाच-पाचांच्या तीन होतात. आता तेरा घ्या. दोन-दोन, तीन-तीन, चार-चार, कसेही मांडा, शेवटी एखादा चिंचोका उपरा राहतोच किंवा एखादी ओळ अपुरी पडते. तेरांची एकच लांब ओळ होते. ज्या राशीची एका ओळीवाचून दुसरी सारखी मांडणी होत नाही ती मूळसंख्या. अशा संख्यांस अंत नाही, हे युक्लिडाने ख्रिस्तपूर्व ३०० च्या सुमारास सिद्ध करून ठेवले आहे.

आता केवळ एकांनी बनलेल्या संख्यांकडे वळू. दोन एकांचे अकरा ही मूळसंख्या आहे. त्यापुढे एक साधा नियम कामी येतो. एकांची गणती ज्या संख्येने विभागता येते, त्या मापाने मूळ संख्याही विभागते. सहा एकांचे तीन-तीनांचे दोन गट होतात, म्हणून १११११११ नव्हे, तर १११११ पुढे एक अशी सहा एकांची जी संख्या, १११११ १, ती १११ × १००१ इतकी असते. दोन-दोनांचे तीन गट केले तर तीच ११ × १०१०१ इतकी होते. तेव्हा चार, सहा, आठ, नऊ, दहा एकांच्या संख्यांचा विचारच नको. एकांची गणती स्वतः मूळ असेल तरच पुढे आशा. परंतु आशा म्हणजे हमी नव्हे. पुढील कोष्टक पाहावे :

तीन एक : ३ × ३७
पाच एक : ४१ × २७१
सात एक : २३९ × ४६४९
अकरा एक : २१६४९ × ५१३२३९
तेरा एक : ५३ × ७९ × २६५३७१६५३
सतरा एक : २०७१७२३ × ५३६३२२२३५७

सहा वेळा आशा, सहा वेळा निराशा. सतरा एकांपर्यंत येऊन एखादा म्हणेल, “अकरावाचून एकांची दुसरी मूळसंख्याच नसावी.” सहा उदाहरणे हाती असताना हे म्हणणे व्यवहारात कोणी खोडून काढणार नाही. आपण पंचांगातला पाऊस तीन वर्षे जमला की चौथ्या वर्षी त्यावर पेरणी करतो! परंतु गणितशास्त्रात सहा काय, सहा लक्ष उदाहरणांनीही सिद्धांत होत नाही. सातवे उदाहरण एकोणीस एकांचे आहे, आणि तेथे सारे अनुमान कोसळते. ही संख्या मूळ आहे हे पहिल्या महायुद्धाच्या काळात ऑस्कर होप्पे यांनी सिद्ध केले. तेवीस एकांची संख्याही मूळ असल्याचे १९२९ साली लेहमर आणि क्राइचिक यांनी परस्परांहून स्वतंत्रपणे दाखविले. त्यानंतरची संख्या एकदम ३१७ एकांची, व तिच्यापुढची १०३१ एकांची. मध्ये सारे ओसाड.

हा विषय आमच्या मुकुटबनच्या घरी निघाला तेव्हा आमच्या नातीने एक प्रश्न केला. ती यंदा दहावीत आहे. “आजोबा, एवढ्या मोठ्या संख्येला कशानेच भाग जात नाही, हे पाहिले कोणी?” आमचे थोरले बंधू जवळच सुपारी कातरीत बसले होते. ते म्हणाले, “विद्वानांनी सांगितले, पुस्तकात छापले, आणखी काय पाहिजे?” दादांचा शब्द घरात अखेरचा असतो, आणि तो तसा असावा हेच आम्हांस इष्ट वाटते. शेतीची वाटणी, लग्नकार्य, देणेघेणे यांत वडीलधाऱ्याच्या शब्दाने घर टिकते. पण संख्येच्या राज्यात वडीलकी चालत नाही. तेथे दहावीतील मुलीचा प्रश्न आणि ऐंशी वर्षांच्या वृद्धाचा निर्णय एकाच तराजूत घालावे लागतात. म्हणून तिच्या प्रश्नाचे उत्तर येथे यथामति देतो.

पहिला मार्ग सरळ कष्टाचा. एखाद्या संख्येचे दोन भाजक असतील तर त्यांतील लहान भाजक तिच्या वर्गमुळाहून मोठा असू शकत नाही. आमच्या संख्येचे वर्गमूळ १०५ कोटी ४० लक्षांच्या किंचित वर आहे. तेवढ्यापर्यंतच्या सर्व विषम संख्यांनी भागून पाहावयाचे, आणि एका भागाकारास एकच मिनिट लागते असे धरले, तर अहोरात्र काम करून सुमारे एक हजार वर्षे लागतील. यादवांच्या काळी बसलेला मनुष्य आज कोठे उठता!

दुसरा मार्ग थोड्या विचाराचा. वरील कोष्टकात पाच एकांचे भाजक पाहावे : ४१ व २७१. दोन्ही दहाच्या पटीहून एकाने अधिक. सात एकांचे २३९ व ४६४९ हे चौदाच्या पटीहून एकाने अधिक. तेरा एकांचे ५३ व ७९ हे सव्वीसच्या पटीहून एकाने अधिक. हा योगायोग नव्हे. तीन एकांचा अपवाद वगळता एकांची गणती मूळ असली की प्रत्येक मूळ भाजक तिच्या दुपटीच्या पटीहून एकाने अधिक असलाच पाहिजे, असे सिद्ध करता येते. तेव्हा एकोणीस एकांसाठी अडतीसच्या पटीहून एकाने अधिक असलेल्या संख्याच तपासावयाच्या. त्या सुमारे २ कोटी ७७ लक्ष भरतात. त्याच वेगाने काम जवळजवळ त्रेपन्न वर्षांचे झाले. हजार वर्षांवरून त्रेपन्नावर आलो. एका मनुष्याचे आयुष्य पुरेल, परंतु दुसरे काही करावयास उरणार नाही.

तिसरा मार्ग या संख्येच्या एका सुंदर गुणावर उभा आहे, आणि त्यासाठीच हा लेख.

सातचे उदाहरण घेऊ. तीनाचे घात एकामागून एक करीत जावे व प्रत्येकास सातने भागून शेष तेवढा लिहावा. तीन, मग नऊ, शेष दोन, त्याची तिप्पट सहा, त्याची तिप्पट अठरा, शेष चार, त्याची तिप्पट बारा, शेष पाच, त्याची तिप्पट पंधरा, शेष एक. म्हणजे ३, २, ६, ४, ५, १ अशी शेषांची माळ झाली. सातहून लहान असलेल्या सहाही संख्या तीत एकेकदा येऊन गेल्या, आणि एक सर्वांत शेवटी आला.

एवढ्यावरून सात ही मूळसंख्या ठरते. कशी, ते पाहा. समजा आपण जी संख्या तपासतो तिचा एखादा भाजक आहे. तो भाजक, किंवा त्याची एखादी पट, शेष म्हणून माळेत एकदा आली, तर पुढील प्रत्येक शेषात तो भाजक उतरणारच, आणि माळ पुन्हा एकावर कधीच येणार नाही. परंतु आपली माळ तर एकावर आली. म्हणून भाजक असलेली संख्या माळेत आलेली नाही. आणि माळेत तर लहान संख्या सगळ्या आल्या! अर्थात त्यांपैकी एकही भाजक नाही. भागाकार न करता भाजकांचा अभाव सिद्ध झाला.

मूळसंख्येच्या बाबतीत तिच्याहून एकाने कमी इतक्या पायऱ्यांनी शेष एक येतो, हा सिद्धांत फर्मा नावाच्या फ्रेंच न्यायाधिकाऱ्याने १६४० साली एका पत्रात कळविला, व त्याची उपपत्ती पुढील शतकात ऑयलर याने दिली. पण येथे एक सावधगिरी हवी. ३४१ ही संख्या ११ × ३१ आहे, मूळ नाही. तरी दोनाचे घात घेतल्यास ३४० व्या पायरीस शेष एकच येतो. केवळ शेवटची पायरी पाहणारा फसतो. खरी गोष्ट अशी की ही माळ दहाव्याच पायरीस संपते, कारण १०२४ ला ३४१ ने भागले की शेष एक उरतो. मग त्याच दहांचे चौतीस फेरे होऊन ३४० व्या पायरीसही एक दिसतो. मूळसंख्येचे हे सोंग आहे. माळ पूर्ण लांबीची आहे की मध्येच तुटून पुन्हा सुरू झाली, हे तपासल्याविना सोंग ओळखू येत नाही.

ही तपासणी कशी करावी हे फ्रान्सच्याच ल्यूका याने १८७६ साली दाखविले. माळ लवकर संपत असेल तर तिची लांबी, तपासावयाच्या संख्येतून एक वजा करून जे उरते, त्याचा भाजक असते. तेव्हा त्या बाकीचे मूळ अवयव काढावे, प्रत्येक अवयवाने तिला एकेकदा भागावे, आणि त्या-त्या पायरीस शेष एक येत नाही एवढे पाहावे. सातमधून एक वजा केला की सहा. त्याचे अवयव दोन व तीन. म्हणून तिसरी व दुसरी एवढ्याच पायऱ्या पाहाव्या. तेथे शेष सहा व दोन आहेत, एक नाही. काम झाले.

आता आमच्या एकोणीस एकांतून एक वजा करा. अठरा एक आणि शेवटी शून्य उरते. आणि अठरा ही तर मोठी उदार संख्या! तिचे नऊ-नऊ, सहा-सहा, तीन-तीन असे हवे तसे गट पडतात, म्हणून अठरा एकांची संख्या सहज फुटते. शून्यासह तिचे सर्व अवयव असे :

२ × ३ × ३ × ५ × ७ × ११ × १३ × १९ × ३७ × ५२५७९ × ३३३६६७

तीन दोनदा आला आहे, म्हणून वेगवेगळे मूळ अवयव दहाच. अर्थात दहा पायऱ्या आणि शेवटची एक, अशा अकराच ठिकाणी शेष पाहावयाचे. तेथपर्यंत एकेक पायरी चढत जाण्याचेही कारण नाही. दुसऱ्या घाताचा वर्ग चौथा, चौथ्याचा आठवा, असे वर्ग करीत गेल्यास साठेक वर्गांत परार्धाहून मोठा घात गाठता येतो. सगळे मिळून हजाराच्या घरात गुणाकार-भागाकार होतील. मोठ्या अंकांमुळे प्रत्येकास अर्धा तास धरला, तरी रोज आठ तास काम करणाऱ्यास दोन महिन्यांत हातानेच निर्णय करता येईल.

हजार वर्षे, त्रेपन्न वर्षे, दोन महिने! संख्या तीच, कागदही तोच. फरक पडला तो विचाराने. शिवाय या पुराव्याची मौज अशी की स्वतः अभेद्य असलेल्या संख्येची साक्ष तिच्या शेजारच्या ठिसूळ संख्येने दिली. एकोणीस विभागत नाही म्हणून आशा उत्पन्न झाली, आणि अठरा विभागते म्हणून ती सिद्धीस गेली.

आमच्या देशात हा विचार अगदीच नव्हता असे कोणी समजू नये. नारायण पंडिताच्या ‘गणितकौमुदी’त (इ. स. १३५६) संख्यांचे भाजक शोधण्याचे स्वतंत्र प्रकरण आहे. दिलेल्या संख्येत एखादा वर्ग मिळवून बेरीजही वर्ग येते का ते पाहावे, व त्यावरून अवयव काढावे, ही त्यातील युक्ती पुढे तीन शतकांनी फर्मानेही वापरली. परंतु शेषांच्या माळेचा सिद्धांत फर्माचा, आणि त्याचे श्रेय त्यासच दिले पाहिजे. सर्व काही आमच्या पोथ्यांत आधीच आहे असे म्हणून जो स्वस्थ बसतो, तो नारायण पंडिताचा वारस म्हणवून घेण्यास पात्र नाही. नारायण पंडित स्वतः स्वस्थ बसला नव्हता.

अलीकडच्या काळात या एकांच्या संख्यांवर प्रेम करणारा एक शाळामास्तर महाराष्ट्रातच होऊन गेला. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूस झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात असताना १९२७ साली त्यांस रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. पदवीनंतर पुढील उच्च शिक्षण त्यांनी घेतले नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीस शिक्षकाचे काम करीत राहिले. जी. आय. पी. रेल्वेच्या डेमलो, म्हणजे आजच्या डोंबिवली, स्थानकावर सुचलेल्या संख्यांस त्यांनी ‘डेमलो संख्या’ हे नाव दिले. त्यांतील प्रसिद्ध मालिका एकांच्या संख्यांच्या वर्गांची आहे. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, आणि नऊ एकांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. अंक जिना चढून नवापर्यंत जातात व त्याच जिन्याने खाली उतरतात. कापरेकरांचा छंद पुष्कळांस पोरखेळ वाटला. १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी आपल्या मासिक सदरात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर झाले. १९८६ साली ते वारले. त्यांची ६१७४ ही संख्या आज देशोदेशीच्या शाळांतून मुले करून पाहतात.

“याचा उपयोग काय?” हा प्रश्न उरतो. अखंड संख्यांचा हा शोध शेकडो वर्षे निरुपयोगीच होता, हे प्रथम मान्य करू. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर व एडलमन या तिघांनी गुप्त संदेशाची एक रीत काढली. दोन प्रचंड मूळसंख्यांचा गुणाकार करणे यंत्रास सोपे, पण तो फोडून त्या दोन संख्या परत मिळविणे अतिशय दुर्घट, एवढ्यावर ती उभी आहे. इंटरनेटवरील पुष्कळ व्यवहारांची राखण आजही ही रीत करते, आणि तीत सहाशेहून अधिक अंकी गुणाकार वापरतात. आमच्या एकोणीस अंकी संख्येचा निकाल आजचे यंत्र डोळ्याचे पाते लवण्याच्या आत लावील. २००२ साली कानपूरच्या आय. आय. टी.तील मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी तर शेजारची संख्या फुटो वा न फुटो, कोणतीही संख्या मूळ आहे की नाही हे आटोपशीर पायऱ्यांत निश्चित सांगणारी रीत सिद्ध केली, आणि साऱ्या जगाच्या गणितज्ञांनी त्यांचे अभिनंदन केले. २०२४ च्या ऑक्टोबरात जी मूळसंख्या जाहीर झाली तिचे अंक ४ कोटी १० लक्ष २४ हजार ३२० आहेत. एका पानावर दोन हजार अंक छापले तरी वीस हजारांहून अधिक पाने लागतील. आणि तरीही केवळ एकांनी बनलेल्या मूळसंख्या अनंत आहेत की कोठेतरी संपतात, हे अद्यापि कोणासही सिद्ध करता आलेले नाही.

परंतु उपयोगाहून मोठी एक गोष्ट आम्हांस सांगावयाची आहे. आमच्या नातीने सातची माळ चिंचोक्यांनी मांडली, मग स्वतःहून तेराची मांडली, आणि दोनाच्या घातांत बाराही शेष आले हे दादांस दाखविले. दादांनी अडकित्ता खाली ठेवून एकेक शेष स्वतः मोजला. “बरोबर आहे,” एवढेच ते बोलले. त्यांच्या तोंडून हे दोन शब्द आम्ही सहसा ऐकत नाही.

पुढील वर्षी तिला विज्ञान शाखेसाठी वणीस ठेवावे की येथेच जवळपास काही पाहावे, ही चर्चा आमच्या घरी चालू आहे. खर्चाचा प्रश्न आहे, एकट्या मुलीस बाहेरगावी ठेवण्याची स्त्रीवर्गास काळजी आहे, आणि दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आमचे मत एवढेच की, “हे पाहिले कोणी?” असे जिने विचारले, तिच्या प्रश्नाचे मोल गुणपत्रिकेतील आकड्यांहून अधिक धरावे. उत्तरे पाठ करणारी मुले घरोघर आहेत. पुरावा मागणारे मूल ज्या घरी निपजते, त्या घराने थोडी तोशीस सोसावी. निर्णय अर्थातच दादांचा.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी चिंचोके व चौकस मुले दोन्ही असतील, त्यांनी या महिन्यात दोन गोष्टी कराव्या. अकरासाठी दोनाच्या घातांची माळ मांडावी व दहाही संख्या येतात का ते पाहावे. मग पंधरासाठी तीच माळ मांडावी. ती चौथ्या पायरीसच का संपते, आणि तीन, पाच व सहा तीत का येत नाहीत, याचे उत्तर मोठ्यांनी सांगू नये. मुलांकडून येईपर्यंत वाट पाहावी.